मुरमाची वाट आणि दुर्गांचे वाङ्मय

१

सह्याद्रीविषयी मराठीत जितके लिहिले गेले आहे तितके दुसऱ्या एखाद्या भूप्रदेशाविषयी क्वचितच लिहिले गेले असेल. किल्ल्यांची वर्णने, भटकंतीच्या हकिगती, स्थलदर्शिका, ललित लेख अशा नाना रूपांनी हे वाङ्मय वाढत आले आहे आणि त्याचा ओघ अद्याप आटलेला नाही. महाराष्ट्रात राहणाऱ्या वाचकाला या पुस्तकांची निकड कितपत असते हे मी सांगू शकत नाही, एस.टी.च्या खिडकीतून बाहेर पाहिले की त्याला एखादा डोंगर दिसतोच. बृहन्महाराष्ट्रातील वाचकाची गोष्ट निराळी आहे. ज्याचा जन्म दिल्लीच्या सरकारी वसाहतीत झाला, ज्याने लहानपणी चढून जावे असे काही पाहिले ते दूरवरून दिसणाऱ्या कुतुबमिनारापुरतेच, आणि जो आज एका केंद्रीय कार्यालयात कारकुनी करीत शिल्लक रजेचे दिवस मोजत असतो, त्याला सह्याद्री प्रथम भेटला तो मंडळाच्या वाचनालयातील एका कपाटात. त्या कपाटानेच मला देश दिला. राजगड, तोरणा, शिवनेरी, हरिश्चंद्रगड ही नावे मला करोलबाग आणि लोदी कॉलनी यांच्याइतकीच परिचयाची झाली ती या पुस्तकांमुळे.

हे आरंभीच सांगण्याचे कारण असे की पुढे मी या वाङ्मयाविरुद्ध जी तक्रार मांडणार आहे ती परक्याची तक्रार नव्हे. ऋणकोची आहे, आणि म्हणूनच ती मांडताना संकोच होतो. परंतु गेल्या तीन वर्षांत, रजा मिळेल तेव्हा सायकल रेल्वेच्या ब्रेक व्हॅनमध्ये घालून, जुन्नरच्या पश्चिमेकडील डोंगराळ मुलखात मी जी भ्रमंती केली तिने माझ्या वाचनाची उलटतपासणी केली. पुस्तकांतला प्रदेश आणि चाकाखालचा प्रदेश यांचा मेळ बसेना. दोष माझ्या वाचनाचा की पुस्तकांचा, याचा विचार करता करता ज्या निष्कर्षाला आलो तो असा: आपल्या दुर्गवाङ्मयाने सह्याद्री शिखरावरून पाहिला, वाटेवरून पाहिला नाही. आणि त्यामुळे दोन हजार वर्षांचा एक नांदता प्रदेश त्याने दोनशे वर्षांच्या एका पराक्रमाची पार्श्वभूमी करून टाकला.

२

विधान मोठे आहे, म्हणून आधी वाटेविषयी आणि वाहनाविषयी थोडे सांगतो.

अलीकडे ‘ग्रॅव्हल बाईक’ या नावाने ओळखली जाणारी सायकल ही एक तडजोड आहे. शर्यतीच्या सायकलीसारख्या तिच्या मुठी खाली वळलेल्या असतात. टायर मात्र रुंद, चाळीस-पंचेचाळीस मिलिमीटरचे, आणि त्यांत हवा जरा कमी ठेवायची. चढासाठी हलके गिअर, उतारासाठी डिस्क ब्रेक. डांबरावर ती शर्यतीच्या सायकलीइतकी वेगवान नाही आणि धोंड्यांतून ती डोंगरी सायकलीइतकी निर्धास्त नाही. तिची खरी जागा कच्च्या रस्त्यावर. मोटार जाते पण मन लावून जात नाही, पादचारी जातो पण दिवसभरात फार दूर जात नाही, अशा वाटांवर ती शोभते.

कच्चा रस्ता म्हणजे आपल्याकडे मुरमाचा रस्ता. आणि मुरूम म्हणजे काय, तर झिजलेला काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी येथे जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हारस वाहिला. जपानच्या फुजीसारखा एखादा शंकूच्या आकाराचा पर्वत त्याने उभारला नाही. थरावर थर पसरत गेले, आणि आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्या थरांखाली आहे. हे थर सारखे नाहीत. काही घट्ट आणि कठीण, काही सच्छिद्र आणि ठिसूळ. दोहोंच्या मध्ये कोठे कोठे भाजलेल्या विटेसारख्या तांबड्या मातीचा पट्टा. ऊन-पावसाने कठीण थर तुटतात आणि त्यांचा उभा कडा राहतो. ठिसूळ थर कुजतात आणि त्यांचा उतार होतो. म्हणून आमचे डोंगर जिन्यासारखे दिसतात. भूशास्त्रज्ञ या खडकाला जे ‘ट्रॅप’ म्हणतात त्या शब्दाच्या मुळाशी स्कँडिनेव्हियन भाषांतील पायरीवाचक शब्द आहे.

दुर्गांवरील पुस्तकांत हा परिच्छेद बहुधा प्रस्तावनेत येतो आणि तेथेच संपतो. सायकलीवर मात्र तो दिवसभर संपत नाही. उताराच्या पट्ट्यावर चाक मऊ मुरमात किंचित रुतते आणि पायांना लय सापडते. कठीण थर लागला की तीच वाट फरशीसारखी होते, हँडल थरथरते, आणि पुढचे वीस-पंचवीस हात उतरून ढकलत न्यावे लागतात. दोन दिवसांत माझे गुडघे हे थर मोजू लागले. आणि मग एक साधी गोष्ट ध्यानात आली. कठीण थराने कडा दिला, कड्याने किल्ला दिला. ठिसूळ थराने उतार दिला, उताराने वाट दिली. दोन्ही एकाच खडकाची अपत्ये. आपल्या वाङ्मयाने त्यांतले एक दत्तक घेतले आणि दुसरे उघड्यावर टाकले.

३

जुन्नरहून नाणेघाटाचा माथा सुमारे ३० किलोमीटर आहे. मुख्य रस्ता डांबरी आहे. परंतु माणिकडोहच्या जलाशयाच्या अलीकडे-पलीकडे, शेतांच्या बांधांवरून आणि वाड्यावस्त्यांमधून मुरमाच्या वाटा फुटतात, आणि त्या धरून गेले की तीस किलोमीटरांचा दिवसभराचा प्रवास होतो. डावी-उजवीकडे किल्ले येतात: शिवनेरी, हडसर, चावंड, आणि अगदी घाटमाथ्यावर जीवधन. हे किल्ले असे ओळीने का उभे आहेत? किल्ल्यांच्या पुस्तकांत प्रत्येकाला स्वतंत्र प्रकरण असते आणि म्हणून हा प्रश्नच उद्भवत नाही. सायकलीवरून जाणाऱ्याला तो पहिल्याच दिवशी पडतो, आणि उत्तरही त्याच दिवशी मिळते: ते वाटेचे पहारेकरी आहेत. वाट आधी, किल्ला नंतर.

ही वाट कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून निघून कोकण ओलांडून नाणेघाट चढत असे आणि जुन्नरमार्गे देशावर उतरत असे. घाटाच्या तोंडाशी सातवाहनांच्या राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख आहे. बहुतेक अभ्यासक तो इ. स. पूर्व पहिल्या शतकातला मानतात. त्याच गुहेत राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. आता प्रतिमा गेल्या, त्यांच्यावरची नावे कोरलेली राहिली. बाहेर एक दगडी रांजण आहे आणि परंपरा त्याला जकातीचा रांजण म्हणते.

तो लेख वाचून (मूळ लिपी मला येत नाही, पाठ आणि भाषांतर समोर ठेवून वाचून) मला जो आनंद झाला तो एका कारकुनाचा आनंद होता हे कबूल करतो. राणीने केलेल्या यज्ञांची ती यादी आहे, आणि प्रत्येक यज्ञापुढे दिलेली दक्षिणा: गाई, घोडे, हत्ती, गावे, कार्षापण नाणी, हजारांच्या संख्या, आणि त्या अंकचिन्हांत लिहिलेल्या. भारतीय अंकलेखनाच्या इतिहासात हा लेख मोलाचा ठरला तो याचमुळे. महाराष्ट्राच्या आद्य लेखांपैकी एक लेख ही एक नोंदवही आहे, आणि ती राजवाड्यात ठेवलेली नाही. जाणारा-येणारा व्यापारी जेथे घाम पुसायला थांबणार तेथे ती उघडी मांडून ठेवली आहे.

घाटाकडून जुन्नरकडे मागे वळले की हीच वही पुढे चालू राहते. शिवनेरी, मानमोडी, लेण्याद्री आणि तुळजा या डोंगरांत मिळून दोनशेंहून अधिक लेणी आहेत. त्यांतील लेखांत राजे थोडे आणि साधे लोक पुष्कळ. लेण्याद्रीच्या चैत्यगृहावर कल्याणच्या सुलसदत्ताचे नाव आहे. म्हणजे घाटाखालच्या बंदरातला माणूस घाटावर येऊन दान देतो. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले. बांबूचे काम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याच्या नोंदी आहेत. तिघे दाते स्वतःला यवन म्हणवतात. त्यांतल्या इरिल नावाच्या यवनाचे दान काय, तर दोन टाकी. प्राकृतात टाक्याला ‘पोढी’ म्हणतात आणि दानाला ‘देयधम’. कोठला कोण हा इरिल. पण या उन्हात माणसाला नेमके काय लागते हे त्याने जाणले, आणि दिल्यावर आपले नाव त्याखाली लिहून ठेवले.

मध्ययुगातही ही वाट जागी होती. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात रशियातील त्वेर नगरीचा व्यापारी अफानासी निकितिन चौल बंदरात उतरून, घोडा विकण्याच्या उद्देशाने घाट चढून जुन्नरला आला. पावसाळ्यात तेथे अडकून पडला. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असे त्याने लिहून ठेवले आहे. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा हिसकावला आणि धर्म बदललास तर घोडा आणि वर सुवर्णनाणी देईन असा पेच टाकला; एका खुरासानी गृहस्थाच्या मध्यस्थीने तो त्यातून सुटला. शिवनेरीविषयी तो दोन-तीन वाक्यांतच लिहितो. चिखल, घोडा, खाणेपिणे आणि माणसे यांविषयी अधिक. पुढे १४९० साली मलिक अहमदाने निजामशाहीची स्थापना केली तीही जुन्नरातूनच. गावाबाहेरच्या एका भव्य घुमटाला लोक अजून सौदागर घुमट म्हणतात. आणि १६५७ साली शिवाजीमहाराजांनी जुन्नरवर छापा घातला तेव्हा हाती लागले ते रोकड आणि घोडे. नागनिकेचे दानाचे घोडे, निकितिनचा विकाऊ घोडा, महाराजांनी नेलेले घोडे: या प्रदेशाचा इतिहास घोड्यांच्या टापांनी लिहिला आहे असे म्हटले तर ती निव्वळ अलंकारिक भाषा होणार नाही.

४

आता दुर्गवाङ्मयाकडे वळू. शिवनेरीवरील कोणतेही सरासरी प्रकरण उघडून पाहावे. १६३० सालच्या शिवजन्माला त्यात पाने मिळतात, आणि ती मिळायलाच हवीत. परंतु ज्या डोंगराच्या चारी अंगांना लेणी कोरलेली आहेत त्याच्या आधीच्या सोळाशे वर्षांना ‘वाटेत काही बौद्ध लेणी लागतात’ एवढे एक वाक्य. टाकी असतात ती ‘पाणी पिण्यायोग्य आहे’ अथवा ‘नाही’ या शेऱ्यापुरती. पायथ्याचे गाव हे केवळ मुक्कामाचे आणि वाटाड्या मिळण्याचे ठिकाण. मग कडा सुरू होतो आणि त्याबरोबर विशेषणे सुरू होतात: बेलाग, बुलंद, अभेद्य, रौद्रभीषण. माथ्यावर पोचल्यावर लेखक हात जोडतो, वाचकही जोडतो, आणि उतरताना वाट कशी होती हे कोणालाच आठवत नाही.

याला अपवाद आहेत, आणि सर्वांत मोठा अपवाद गो. नी. दांडेकर यांचा. ‘दुर्गभ्रमणगाथा’ लिहिणारा हा माणूस मुळात चालणारा होता. त्यांच्या पानांत माणसे आहेत, भाकरी आहे, थंडीची रात्र आहे, दमछाक आहे. तरीही त्यांच्या लेखनाचा स्थायीभाव भक्तीचा आहे, आणि भक्ताला वाट ही देवळाकडे जाण्यापुरतीच हवी असते. दांडेकरांच्या बाबतीत ही भक्ती अनेक वर्षांच्या पायपिटीने कमावलेली होती आणि म्हणून ती पचते. त्यांच्या मागून आलेल्यांनी भक्ती उचलली, पायपीट सोडली. मोटार पायथ्याला लावून दोन तासांत माथा गाठणाऱ्याच्या लेखणीत तीच विशेषणे आली की ती पोकळ वाजतात.

हे असे का झाले याचे कारण शोधताना लेखकांना सरसकट दोष देणे अन्यायाचे होईल. १८१८ नंतर इंग्रजांनी चावंड आणि जीवधन यांच्या चढणीच्या पायऱ्या सुरुंगाने उडवून दिल्या. जेथे जाण्याची वाट सत्तेने मुद्दाम मोडली तेथे चढून जाणे हीच एक प्रतिज्ञा होती, आणि ती वर्णन करताना आवाज चढणे स्वाभाविक होते. पारतंत्र्याच्या काळात शिखराची गरज होती. दुसरीकडे वाट आपसूकच मेली. बोरघाटातून गाडीरस्ता झाला, १८६३ साली त्याच घाटातून आगगाडी पुण्याच्या बाजूस आली आणि नाणेघाटावरून जाणारा माल थांबला. ज्या वाटेवरून कोणी जात नाही तिच्याविषयी कोण लिहिणार? पण कारण समजले म्हणून उणीव भरून निघत नाही. पारतंत्र्य १९४७ साली संपले. विशेषणे मात्र आजतागायत सेवेत आहेत. त्यांना निवृत्तीचे वय नाही.

या उणिवेचा परिणाम केवळ ऐतिहासिक नाही, वाङ्मयीनही आहे. शिखरावरून पाहणाऱ्याला सारे एकाच वेळी दिसते आणि म्हणून काहीच क्रमाने दिसत नाही. गाव ठिपका होते, शेत तुकडा होते, नदी रेघ होते. अशा दृष्टीतून उद्गार निघतो, गद्य निघत नाही. गद्याला क्रम लागतो. एकामागून एक येणारी वळणे, थांबे, भेटणारी माणसे, चुकलेली फाटाफूट लागते. आपल्या दुर्गवाङ्मयाची शैली उद्गारवाचक का, याचे उत्तर मला त्याच्या उभे राहण्याच्या जागेत सापडते.

५

वाटेवरून लिहिण्याची परंपरा मराठीला नाही असे मात्र कोणी समजू नये. उलट ती आपली जुनी परंपरा आहे. महानुभावांची ‘स्थानपोथी’ घ्या. चक्रधरस्वामी तेराव्या शतकात जेथे जेथे फिरले, बसले, राहिले त्या स्थानांची ती चौदाव्या शतकातील नोंद: कोणते गाव, गावाच्या कोणत्या दिशेला देऊळ, देवळाचे दार कोणीकडे. अलंकार नाही, उद्गार नाही. जी जागा लीळेमुळे पवित्र झाली तिची भक्ती त्या लेखकाने जागेचा पत्ता अचूक लिहून व्यक्त केली. या पोथीला कोणी रूक्ष म्हणेल. मला ती मराठीतील अत्यंत भावपूर्ण ग्रंथांपैकी एक वाटते.

विष्णुभट गोडसे १८५७ साली वरसईहून निघाले ते कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळवावी या साध्या हेतूने, आणि बंडाच्या वणव्यात सापडले. १९०७ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा ‘माझा प्रवास’ आजही वाचवतो. झाशीच्या वेढ्याचे वर्णन त्यात आहेच. परंतु त्या वर्णनाला वजन येते ते त्याच्या मागेपुढे असलेल्या रस्त्यामुळे, लुटारूंच्या भयामुळे, उपासामुळे आणि कमरेच्या पैशांच्या काळजीमुळे. इरावती कर्वे पंढरीच्या वाटेने चालल्या आणि ‘वाटचाल’ या लेखात त्यांनी महाराष्ट्राची जी ओळख सांगितली ती कोणत्याही गडावरून सांगितली नाही. पंढरीला जाणाऱ्या लोकांवरून सांगितली. आणि त्याच वाटेवर, एकाच दिंडीत चालणाऱ्या बायकांच्या पंगती जातीने वेगळ्या होतात हेही त्यांना दिसले. शिखरावरून ते दिसले नसते. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी लिहिले इंग्रजीत, पण ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या १९६२ सालच्या ग्रंथामागे आमच्याच मुलखातील पायपीट आहे. जुन्या वाटा जेथे एकमेकींना छेदतात तेथे देवीची ठाणी का आहेत, लेणी घाटवाटांच्या आश्रयाने का आहेत, हे त्यांनी पायांनी शोधले.

या साऱ्यांत एक समान सूत्र आहे. लेखक वाटेवर स्वतः आहे, पण वाट त्याच्या एकट्याची नाही.

६

याच कसोटीवर आज निर्माण होत असलेले सायकलस्वारांचे लेखनही घासून पाहिले पाहिजे. वाटेवरचा लेखक आता आला आहे, तेव्हा उणीव भरून निघाली, असे वाटण्याचा संभव आहे. दुर्दैवाने तसे झालेले नाही. ही वर्णने मी पुष्कळ वाचली आहेत आणि त्यांत आकडे असतात: किती किलोमीटर, किती मीटर चढ, सरासरी वेग, टायरमधली हवा, हृदयाचे ठोके. साहित्यिक मंडळी या आकड्यांना हसतात. मी हसणार नाही. माझे आयुष्य आकड्यांत जाते, आणि नागनिकेचा लेख वाचल्यापासून तर आकड्यांचा मला अभिमानच वाटतो. वही वाईट नसते. वहीत कोणाच्या नावे काय नोंदले आहे, हे पाहायचे असते. राणीच्या वहीत दिलेल्याची नोंद आहे. आमच्या वहीत केवळ स्वतःची. किल्लेकऱ्याने राजाखेरीज कोणाला पाहिले नाही आणि सायकलवाल्याने स्वतःखेरीज कोणाला पाहिले नाही. पहिल्याचा निदान आदर्श मोठा होता.

हा आरोप करताना मी स्वतःला वगळत नाही. पहिल्या वर्षी परत आल्यावर मीही एक वृत्तांत लिहिला होता. दोन दिवस, ७२ किलोमीटर, ९४० मीटर चढ. त्यात पूर गावाजवळचे कुकडेश्वराचे मध्ययुगीन देऊळ होते, जीवधनाशेजारचा वानरलिंगीचा सुळका होता, नाणेघाटावरून दिसणारे कोकण होते, आणि ‘रौद्रभीषण’ हा शब्दही होता. वृत्तांत मित्रांना आवडला. गेल्या वर्षी दुसऱ्यांदा त्याच वाटेने जाताना, एका वळणावर, तो अपुरा असल्याचे मला कळले.

त्या वळणावर पहिल्या वर्षी माझ्या मागच्या टायरची कड फाटली होती. मुरमातून वर आलेल्या काळ्या दगडाची धार सुरीसारखी असते. टायरमधला चीक भराभर बाहेर आला आणि भोक बुजेना. नवी ट्यूब जवळ होती, पण फाटलेल्या कडेतून ती बाहेर फुगत होती. दुपारचा एक वाजला होता आणि बाटल्या रिकाम्या होत्या. वाडीतली एक बाई हे सारे काही वेळ उंबऱ्यातून पाहत होती. मग तांब्याभर पाणी घेऊन आली आणि म्हणाली, “आधी पाणी प्या दादा, चाक कुठं पळून जात नाही.” पाणी पिऊन होते तो ती घरात जाऊन मोटारसायकलच्या जुन्या ट्यूबचा तळहाताएवढा तुकडा घेऊन आली. तो फाटलेल्या जागी आतून लावला, आणि त्या तुकड्यावर मी पुढचे चाळीस किलोमीटर गेलो. पैसे देऊ केले तेव्हा तिने हात मागे घेतला. माझ्या वृत्तांतात या प्रसंगाचे एकच वाक्य होते: ‘टायर फाटल्याने पाऊण तास वाया गेला.’

पाऊण तास वाया गेला! त्या वाटेवर दोन हजार वर्षांपूर्वी एका यवनाने दोन टाकी दिली ती नोंद आज विद्वान वाचतात. तांब्याभर पाणी आणि रबराचा एक तुकडा हाही त्याच जातीचा देयधर्म होता, आणि तो नोंदवण्याचे काम ज्याच्याकडे आले होते त्या सुशिक्षित कारकुनाने तो वेळेच्या अपव्ययाखाली दाखल केला. पुढच्या वर्षी मी तेथे थांबलो तेव्हा दाराला कुलूप होते. शेजारी म्हणाले, भातकापणीला गेली असेल. नाव विचारण्याचा धीर मला तेव्हाही झाला नाही. पहिल्याच दिवशी जे विचारायचे ते वर्षाने शेजाऱ्यांना काय विचारणार!

आपल्या वाङ्मयावर मी जो दोष ठेवतो आहे तो मला प्रथम माझ्याच कागदावर सापडला, एवढे सांगण्यासाठी हा प्रसंग दिला. शिखरे नकोत असे माझे म्हणणे नाही. जीवधनाच्या माथ्यावरून सूर्यास्त पाहिलेला माणूस असे म्हणू शकणार नाही. म्हणणे एवढेच की किल्ल्याचे प्रकरण पायथ्याला सुरू होऊन माथ्यावर संपू नये. ते बंदरात सुरू व्हावे, घाट चढावे, टाक्यावर थांबावे, बाजारात हिंडावे, आणि वाटेत किल्ला लागला तर त्याला मान द्यावा. त्यात सातवाहनांची राणी असावी, कल्याणचा सुलसदत्त असावा, चिखलात अडकलेला रशियन असावा, निजामशाहीचे सौदागर असावेत, महाराजांचे स्वार असावेत. आणि आज त्या मुरमावर राहणारी माणसेही असावीत, नावानिशी असावीत. कुकडीच्या काठी बोरी येथे अश्मयुगीन हत्यारांच्या सान्निध्यात ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला आहे. ती राख सुमात्रातील टोबा ज्वालामुखीची आहे असे संशोधक मानतात, तिच्या वयाविषयी मात्र त्यांच्यात वाद आहे. ज्या खोऱ्यात राखसुद्धा एवढ्या दूरचा प्रवास करून येऊन विसावली, तेथील वाङ्मयाने पायथा ते माथा एवढ्याच प्रवासावर समाधान मानू नये.

आमच्या वाचनालयाच्या त्या कपाटात अशा पुस्तकाला जागा आहे. खालच्या फळीवर, दुर्गांच्या शेजारी, मी ती स्वतः मोजून पाहिली आहे. तेथे येणारी मुले, माझ्यासारखीच, डोंगर न पाहता वाढत आहेत आणि त्यांना देश हवा आहे. त्यांच्या हाती शिखरांबरोबर एखादी वाटही द्यावी असे मनात आहे. पुस्तक लिहिण्याची योग्यता माझी नाही. पण येत्या कार्तिकात बारा दिवसांची रजा मंजूर झाली आहे. या खेपेला सामानात एक कोरी वही घेतली आहे, आणि पहिल्या पानावर चढ आणि अंतर यांचे रकाने आखलेले नाहीत. तेथे एका नावासाठी जागा सोडली आहे. ते नाव विचारून मगच पुढे जायचे आहे.